चालू सर्व्हरमधलं कार्ड बदलताना

घरच्या कॉम्प्युटरमधलं कार्ड बदलायचं असेल तर आपण काय करतो? मशीन बंद, वायर काढली, झाकण उघडलं. पंधरा मिनिटांत काम झालं, कुणाचं काही अडलं नाही. आता तोच कॉम्प्युटर बँकेचे व्यवहार सांभाळतोय असं समजा. ती पंधरा मिनिटं मागायची कुणाकडे?

हा प्रश्न जुना आहे. 1974 मध्ये जिमी ट्रायबिग यांनी कॅलिफोर्नियात टँडेम ही कंपनी काढली आणि 1976 मध्ये त्यांचं पहिलं यंत्र सिटीबँकेत गेलं. प्रोसेसर एकाहून जास्त, महत्त्वाच्या भागांना जोडीदार. एक बिघडला की दुसरा काम सांभाळणार आणि बिघडलेला भाग यंत्र चालू असतानाच बदलायचा. उत्तम, पण महाग. सगळं टँडेमचं, टँडेमसाठीच.

साध्या सर्व्हरचं काय? 1992 मध्ये इंटेलने पीसीआय आणली आणि नेटवर्कचं कार्ड असो की डिस्कचं, सगळ्यांसाठी एकच खाच झाली. पण पीसीआय म्हणजे सामाईक बस, चाळीतल्या सामाईक नळासारखी. एकाच तारांवर शेजारीशेजारी कार्डं बोलतात. चालू असताना एखादं उपटलं की शेजाऱ्यांचं बोलणं बिघडतं; नवं खुपसलं तर ते एकदम इतका करंट ओढतं की व्होल्टेज क्षणभर खाली जातं.

1997 मध्ये पीसीआय हॉट-प्लगचं पहिलं मानक आलं. त्यात कॉम्पॅकचा मोठा वाटा होता, आणि गंमत बघा, त्याच वर्षी कॉम्पॅकने टँडेम विकत घेतली. या मानकातला सर्वांत शहाणा निर्णय आमच्या मते हा, की कार्ड बदलायचं नाही. सगळा भार सर्व्हरने उचलायचा. बाजारातलं साधं कार्ड चालावं म्हणून प्रत्येक खाचेला वेगळा वीजपुरवठा आणि बसपासून तोडणारे स्विच दिले.

मग क्रम ठरला. आधी ऑपरेटिंग सिस्टिमला सांगायचं. तिने ड्रायव्हरला थांबवायचं. त्यानंतर खाच बसपासून तुटणार, वीज जाणार, आणि मग माणसाचा हात. न सांगता ओढलेल्या कार्डाची जबाबदारी या मानकाने घेतलीच नव्हती.

माणसाचा हात, हाच खरा धोका! एकसारखी सहा कार्डं ओळीने उभी असताना बिघडलेलं सोडून शेजारचं ओढलं, तर एवढ्या व्यवस्थेचा उपयोग काय? 2001 च्या पुढच्या मानकाने म्हणून दिव्यांची भाषा पक्की केली: हिरवा म्हणजे वीज आहे, पिवळा म्हणजे इकडे लक्ष द्या. खाचेजवळ बटण. ते दाबलं की हिरवा दिवा पाच सेकंद लुकलुकतो. तेवढ्यात पुन्हा दाबलं तर हुकूम रद्द. चुकलेल्या माणसाला पाच सेकंद ठेवणारं मानक आम्हाला फार समजूतदार वाटतं.

त्याच सुमारास लिनक्समध्येही यासाठीचे ड्रायव्हर आले. 2003 नंतर पीसीआय एक्सप्रेसमध्ये प्रत्येक खाचेला स्वतःची जोडणी मिळाली, त्यामुळे शेजाऱ्यांचा त्रास मिटला.

पण सवयी बदलल्या. आज समोरून बसवायच्या एनव्हीएमई डिस्क लोक न विचारता ओढतात. तेव्हा ड्रायव्हर निघून गेलेल्या डिस्ककडून काही वाचायला जातो आणि उत्तरात नुसते एकच एक येतात, सगळे बिट 1. ते खरं उत्तर आहे की पलीकडे कुणी उरलेलंच नाही, हे त्याला तिथल्या तिथे ओळखावं लागतं.