बर्डीचा खडक, नाल्याचे पाणी

नागपूरकर माणूस सीताबर्डीला नुसते ‘बर्डी’ म्हणतो. बर्डीवर जायचे म्हणजे कापडचोपड आणायचे, मुलांची पुस्तके घ्यायची, चष्मा दुरुस्त करायचा आणि परतीच्या वाटेवर काहीतरी चटकदार खायचे. या साऱ्या गजबजाटाला जिच्यावरून नाव मिळाले, ती टेकडी मात्र वर शांत उभी असते. माथ्यावर लष्कराच्या ताब्यातला किल्ला, पायथ्याशी टेकडीचा गणपती, जवळच झिरो माईलचा दगडी खांब आणि आता डोक्यावरून धावणारी मेट्रो. शीतलाप्रसाद आणि बद्रीप्रसाद या दोन भावांच्या नावांवरून ‘सीताबर्डी’ झाली, अशी दंतकथा सांगतात. आम्हांला मात्र हे नाव उच्चारले की ‘बरड’ हा शब्द आठवतो. बरड म्हणजे खडकाळ, मुरमाड, पेरले तरी फारसे न देणारी जमीन.

१८१७ च्या नोव्हेंबर महिन्यात याच टेकडीवर भोसले आणि इंग्रज यांची लढाई झाली. शाळेच्या इतिहासात ती सर्वांनी वाचलेली असते. आज आम्ही सांगणार आहोत ती हकिकत याच टेकडीच्या पोटातली आहे. तिच्यात तोफा नाहीत. एक मास्तर, एक हातोडी आणि पावसाने फुगलेला एक नाला आहे.

योगायोग असा, की ज्या वर्षी ही लढाई झाली त्याच वर्षी, ८ सप्टेंबर १८१७ रोजी, स्कॉटलंडमधल्या डन्स या गावी स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म झाला. ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी. १८४५ च्या प्रारंभी ते नागपुरास आले, मराठी शिकले आणि १८४६ साली त्यांनी येथे शाळा काढली. नागपूरवर त्या वेळी भोसल्यांचे राज्य होते. ते खालसा झाले १८५४ साली. हिस्लॉप यांचे बिऱ्हाड सीताबर्डीलाच होते. १८४७ मध्ये रॉबर्ट हंटर हे त्यांचे सहकारी म्हणून येऊन मिळाले.

हिस्लॉप आपल्या पंथाचे नव्हते, हे आम्ही प्रथमच सांगून टाकतो. त्यांचे थोरले बंधू अलेक्झांडर यांनी तर कॅथॉलिक ख्रिस्तसभेवर जहाल टीका करणारे एक पुस्तक लिहिले. तो वाद ज्याचा त्याला लखलाभ. धाकट्या भावाने नागपूरच्या मातीवर जे उपकार केले, त्यांची आठवण ठेवण्यास कोणत्याही पंथाची आडकाठी असू नये.

१८५१ सालची गोष्ट. शहराच्या पश्चिमेकडे टाकळीचा उघडा माळ होता. तेथे फिरावयास गेले असता हिस्लॉप आणि हंटर यांना दगडात रुतलेली एक लहानशी गोगलगाय आढळली. ती समुद्रातली नव्हती. तळ्याच्या गोड्या पाण्यात राहणारी होती. एक सापडली म्हणजे दुसरी शोधावीशी वाटते. पुढे त्या माळावरून आणि आसपासच्या टेकड्यांतून दगड झालेली फळे, बिया, लाकूड, भुंगेऱ्यांच्या पाठीची कवचे, माशांचे खवले आणि हाडांचे तुकडे मिळत गेले. शाळा आणि उपासना यांतून उरलेला वेळ या कामी जाऊ लागला. दोघांनी मिळून नागपूर परिसराच्या भूरचनेवर आणि जीवाश्मांवर लिहिलेला विस्तृत निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात १८५५ साली छापून आला. सीताबर्डीची टेकडी त्यात सामील आहे.

या टेकडीत असे काय होते? काळ्या फत्तराच्या दोन थरांमध्ये गोड्या पाण्यातल्या गाळाचा एक पातळ थर दबलेला होता. एवढ्या साध्या गोष्टीचा अर्थ फार मोठा आहे. काळा फत्तर म्हणजे थिजलेला लाव्हा. आपल्या महाराष्ट्राची बहुतेक भूमी त्याचीच बनलेली आहे आणि नागपूर त्याच्या पूर्वेकडच्या काठावर वसले आहे. पुढे भंडाऱ्याकडे निघाले की फत्तर संपतो आणि त्याहून कितीतरी जुना ग्नाइस खडक लागतो. खाली लाव्हा, मध्ये तळ्याचा गाळ, वर पुन्हा लाव्हा. म्हणजे पहिला लाव्हा निवाला, त्यावर पाऊस पडला, तळी साचली, काठाला झाडे उगवली, पाण्यात गोगलगाई आणि मासे नांदले. नांदता नांदता बराच काळ गेला आणि मग दुसरा लाव्हा आला. त्याने ते सारे तळे जिवंतपणी झाकून टाकले. आजच्या शास्त्राप्रमाणे ही घटना सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची, म्हणजे डायनोसॉर नाहीसे झाले त्या सुमाराची आहे.

खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, हा नियम आज आपल्याला सोपा वाटतो. तो प्रथम नीट मांडला तो निकोलस स्टेनो यांनी, १६६९ साली. हे डेन्मार्कचे वैद्य पुढे कॅथॉलिक झाले, १६७५ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि दोन वर्षांनी ते बिशप झाले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८८ साली त्यांना धन्यवादित म्हणून घोषित केले. एका कॅथॉलिक बिशपाने शोधलेला नियम एका प्रोटेस्टंट मिशनऱ्याने सीताबर्डीच्या टेकडीला लावून पाहिला. सत्याच्या घरी अशी पंगत बसते.

हिस्लॉप यांनी जमवलेले नमुने पेट्यांत भरून विलायतेला जात आणि तेथील जाणकार ते पारखत. नागपूरच्या दक्षिणेकडील मांगली येथून गेलेली एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी रिचर्ड ओवेन यांनी तपासली. ‘डायनोसॉर’ हा शब्द १८४२ साली घडवणारे हेच ओवेन. कामठीच्या बाजूच्या वालुकाश्मातली पाने चार्ल्स बनबरी यांनी अभ्यासली आणि १८६१ साली त्यांतील एका वनस्पतीला हिस्लॉप यांचे नाव दिले. एका हिरवट खनिजाला ‘हिस्लॉपाइट’ म्हणतात. आम्हांला सर्वांत आवडते ते मात्र तिसरे नाव. तळ्यातल्या दगडांवर आणि शिंपल्यांवर पातळ पापुद्र्यासारखी पसरणारी सूक्ष्म जीवांची एक वसाहत असते. १८५८ साली एच. जे. कार्टर यांनी तिचे वर्णन करून तिला ‘हिस्लॉपिया’ असे नाव दिले. म्हणजे या माणसाचे लक्ष मेलेल्या तळ्यांइतकेच जिवंत तळ्यांकडेही होते.

ते सगळीकडे बरोबर होते असे नाही. नागपूरकडच्या कोळशाचे आणि वालुकाश्माचे वय त्यांनी जुरासिक काळातले मानले आणि त्यावर सरकारी भूवैज्ञानिक टॉमस ओल्डहॅम यांच्याशी त्यांचा मतभेद झाला. तो कोळसा त्याहून बराच जुना, पर्मियन काळातला, हे पुढे ठरले. तळ्यांच्या गाळाचा काळही त्यांनी अलीकडचा धरला होता. परंतु पुराव्याचे दगड त्यांनी जपून ठेवले होते, म्हणूनच नंतरच्यांना चूक दुरुस्त करता आली. याच खडकांच्या मालिकेला १८७२ मध्ये हेन्री मेडलिकॉट यांनी ‘गोंडवन’ हे नाव दिले आणि ऑस्ट्रियाच्या एडवर्ड स्यूस यांनी त्यावरून दक्षिणेकडच्या प्राचीन महाखंडाला ‘गोंडवनलँड’ म्हटले. आपल्या गोंड बांधवांचे नाव जगाच्या भूगोलात गेले ते असे. गोंडांच्या भाषेविषयी आणि चालीरीतींविषयीही हिस्लॉप यांनी पुष्कळ टिपणे केली होती. ती पुस्तकरूपाने पाहण्याचे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते.

४ सप्टेंबर १८६३. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांचा मुक्काम नागपूरच्या दक्षिणेला बोरी येथे होता. जवळच टाकळघाटला जमिनीवर मोठाले धोंडे वर्तुळाकार मांडलेली प्राचीन दफनस्थाने आहेत. ती पाहण्यासाठी हिस्लॉपही आले होते. पाहणी आटोपल्यावर टेंपल पुढे गेले. हिस्लॉप गावची शाळा तपासण्यासाठी मागे राहिले. मास्तरच ते! संध्याकाळी ते घोड्यावरून एकटेच निघाले. मधल्या वेळात पाऊस झाला होता. येताना सहज ओलांडलेला वाटेवरचा नाला आता दुथडी भरून वाहत होता. त्या नाल्याने त्यांना नेले. शेहेचाळीस वर्षे पूर्ण होण्यास चारच दिवस उरले होते.

या मरणापाशी आम्ही नेहमी थबकतो. या मुलुखाचे दगड त्यांच्याइतके त्या काळी कोणीच पाहिले नव्हते. आणि नाला का फुगतो याचे उत्तर त्या दगडांतच आहे. घट्ट काळा फत्तर पाणी आत घेत नाही. जे मुरते ते त्याच्या भेगांतून आणि वरच्या सडलेल्या मुरमातून. वरची काळी माती पावसाने भिजून फुगली की तिच्या भेगा मिटतात आणि तीही पाण्याला वाट देईनाशी होते. मग पडेल ते पाणी उताराने धावत सुटते आणि सकाळचा ओहोळ सायंकाळी नदी होतो. शेतकरी हे अनुभवाने जाणतो. त्या संध्याकाळी विद्वानाला ते कळले असेल किंवा नसेल. नाला विद्वत्ता विचारीत नाही.

हिस्लॉप यांची गोंडांविषयीची टिपणे टेंपल यांनी १८६६ साली प्रसिद्ध केली. त्यांच्या नावाचे महाविद्यालय १८८३ मध्ये सुरू झाले आणि आज ते उभे आहे तो रस्ता टेंपल यांच्याच नावाचा आहे. टाकळघाटचे उत्खनन शंभराहून अधिक वर्षांनी, १९६८-६९ मध्ये, नागपूर विद्यापीठाने केले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागाचे कार्यालय आज नागपुरात आहे आणि तेही सेमिनरी हिल्सवर. या टेकडीला नाव मिळाले ते आपल्या सेंट चार्ल्स सेमिनरीवरून. एकाच टेकडीवर धर्मगुरू घडतात आणि खडकही वाचले जातात.

पाण्याच्या अभ्यासालाही नागपूरनेच घर दिले. १९५८ साली येथे सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था निघाली. १९७४ मध्ये तिचे नाव बदलले आणि आता सारा देश तिला ‘नीरी’ म्हणून ओळखतो. तिच्या एका कामाचा उल्लेख येथे केलाच पाहिजे, कारण त्यात खडक आणि घागर यांची गाठ पडते. ग्नाइस आणि ग्रॅनाइट यांसारख्या खडकांतून झिरपणाऱ्या पाण्यात पुष्कळदा फ्लोराइड उतरते. लिटरमागे दीड मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड असलेले पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले, तर मुलांच्या दातांवर डाग पडतात आणि पुढे मोठ्यांची हाडे आखडतात. आपल्या चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या कित्येक गावांनी हे भोगले आहे. पाणी मात्र दिसायला नितळ असते आणि चवीवरूनही काही कळत नाही. नीरीच्या शास्त्रज्ञांनी यावर तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर एवढ्या साध्या वस्तूंचा उपाय शोधला. ठरलेल्या प्रमाणात त्या मिसळून पाणी ढवळायचे, साका खाली बसू द्यायचा आणि वरचे पाणी गाळून घ्यायचे. नळगोंडा जिल्ह्याच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. खेड्यातल्या आईला बादलीत करता येईल असे हे शास्त्र आहे.

तरीही शिकलेले आपण विसरतो. नागपूरला नाव देणारी नाग नदी लाव्याच्या टेकड्यांकडून येते. १८७० साली तिला बांध घालून अंबाझरी तलाव झाला, तो शहराची तहान भागवण्यासाठी. पुढे शहर नदीवर चढले. तिची पात्रे अरुंद झाली, तिच्यात सांडपाणी सुटले आणि लोक तिला नाला म्हणू लागले. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी भरून वाहू लागला आणि नदी आपल्या जुन्या वाटा शोधत घराघरांत शिरली. बर्डीच्या मोरभवन बसस्थानकात बसगाड्या पाण्यात उभ्या होत्या. माणसेही दगावली. हिस्लॉप यांच्या मरणाला १६० वर्षे झाली होती. महिना सप्टेंबरच होता आणि पाण्याचा स्वभावही तोच. फरक एवढाच, की त्यांच्या नाल्यावर कोणी घरे बांधलेली नव्हती.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ‘लाउदातो सी’ हे परिपत्र काढले. शुद्ध पिण्याचे पाणी हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क आहे, असे त्यात त्यांनी बजावले आहे. ते वाचून आपण माना डोलावतो. पण आपल्या मंदिराच्या आवारातली विहीर कोणत्या खडकात खोदली आहे? पत्र्यावरून पडणारे पावसाचे पाणी जाते कोठे? मागच्या बाजूचा बुजवलेला ओढा पूर्वी कोठून वाहत असे? धर्मग्रामातल्या वडीलधाऱ्यांना हे ठाऊक असते. विचारणारे कोणी नसते. एखाद्या रविवारी मिस्सानंतर मुलांना घेऊन त्यांच्यापाशी बसावे आणि ऐकलेले लिहून ठेवावे. विहिरीचे पाणी वर्षातून एकदा तपासून घ्यावे. ही कामे मोठी नाहीत.

टाकळीचा माळ आता शहराच्या पोटात गेला आहे. बर्डीची टेकडी मात्र आहे. पुढच्या खेपेस बाजाराच्या गर्दीतून वाट काढताना वाचकांनी क्षणभर मान वर करून तिच्याकडे पाहावे. तिच्या पोटात एक बुजलेले तळे आहे आणि पायथ्याच्या गावाला अजून आपली नदी ओळखायची आहे.