'राक्षसांचे यान' : एका मेक्सिकन विनोदी चित्रपटाचे ऐतिहासिक मूल्य

१९६० साली प्रदर्शित झालेल्या 'ला नावे दे लोस मोन्स्त्रुओस' (राक्षसांचे यान) या मेक्सिकन चित्रपटाची गणना सामान्यतः हॉलिवुडच्या स्वस्त अनुकरणांत केली जाते. पुठ्ठ्याचे राक्षस आणि डब्यासारखा यंत्रमानव पाहता हा समज स्वाभाविक आहे. तथापि तो बरोबर नाही.

रोखेलियो गोन्सालेस यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाचे कथानक थोडक्यात असे : शुक्रावरील पुरुषवर्ग नष्ट झाल्यामुळे गामा आणि बेता या दोघी निरनिराळ्या ग्रहांवरील नरांचे नमुने गोळा करीत फिरतात, आणि अखेर उत्तर मेक्सिकोतील चिवावा प्रांतात उतरतात. तेथे त्यांना भेटतो लाउरेआनो. घोड्यावर बसून गाणी म्हणणारा आणि गुत्त्यात बसून थापा मारणारा हा गडी सर्व विश्वातील पुरुषोत्तम ठरतो! पुढे त्याने खरी हकिगत सांगितली, तेव्हा मात्र तिच्यावर कोणाचाही विश्वास बसत नाही.

लाउरेआनो ही व्यक्तिरेखा नवी नव्हे. १९३६ च्या 'आया एन एल रांचो ग्रान्दे' या फेर्नान्दो दे फुएन्तेस यांच्या चित्रपटाने गाणाऱ्या घोडेस्वाराचा जो साचा लोकप्रिय केला, त्यावर मेक्सिकोचा चित्रपटधंदा दोन दशके पोसला गेला. या साच्याचे दोन महानायक म्हणजे खोर्खे नेग्रेते व पेद्रो इन्फान्ते. पैकी पहिला १९५३ मध्ये व दुसरा १९५७ मध्ये निवर्तला. त्याच १९५७ च्या ऑक्टोबरात रशियाचा स्पुटनिक अवकाशात गेला. एका देशाचे पौरुषाचे दैवत मावळत असता आकाशातून नवे युग उतरावे, हा योगायोग खरा. परंतु चित्रपटाचा विनोद नेमका याच सांध्यावर उभा आहे. नायकाची भूमिका एउलालियो गोन्सालेस ऊर्फ 'पिपोर्रो' या उत्तरेकडील विनोदी नटास दिली गेली, हेही सूचक होय. तो इन्फान्तेचा वारस नव्हे; त्याचे प्रेमळ विडंबन होय.

अनुकरणाचा आरोप येथेच लंगडा पडतो. हॉलिवुडच्या तत्कालीन परग्रहपटांत संकटनिवारणाचा भार बहुधा सैन्यावर व शास्त्रज्ञांवर असतो. येथे तो एका गवयावर पडतो. गामाला प्रेम म्हणजे काय हे ठाऊक नसते. त्याचे स्पष्टीकरण तो गाण्यातून करतो, आणि त्या गाण्यापुढे शुक्राचे प्रगत शास्त्र फिके पडते. हा भाबडेपणा मानावा की यंत्रयुगाला दिलेले ग्रामीण उत्तर? दुसरा पर्याय अधिक ग्राह्य वाटतो, कारण यंत्रसुद्धा येथे प्रेमात पडते : तोर हा यंत्रमानव नाणे टाकून गाणी ऐकविणाऱ्या ज्यूकबॉक्सवर अनुरक्त होतो.

स्त्रीचित्रणाच्या बाबतीत मात्र चित्रपट पुराणमतवादीच आहे. आज्ञाधारक गामा (आना बेर्ता लेपे) गृहिणीपदास पात्र ठरते, तर रक्तपिपासू व सत्ताकांक्षी बेता (लोरेना बेलास्केस) मृत्यूस. पुढे १९६२ च्या 'सान्तो कोन्त्रा लास मुखेरेस वाम्पिरो' या पटातही बेलास्केस यांच्याकडे रक्तपिपासू राणीचीच भूमिका आली.

शेवटी गामा पृथ्वीवर राहते. यान परत जाते, आणि त्यात असतात तोर व त्याचा ज्यूकबॉक्स.