नेण्याजोगी दुर्बीण : जेऊर (१८९८) आणि नंतर

२२ जानेवारी १८९८ रोजी झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून भीमेच्या खोऱ्यात व तेथून वऱ्हाडाकडे गेला. इंदापूर ह्या पट्ट्यात येत होते. तथापि ह्या भागातील ज्या छावण्यांची नोंद ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात राहिली, त्या इंदापुरास पडल्या नाहीत. त्या पडल्या भीमेपलीकडे, करमाळा तालुक्यातील जेऊर येथे. दोहोंमधील सरळ अंतर सात-आठ कोसांचे. खग्रास अवस्था दोन्हीकडे सुमारे दोन मिनिटांचीच. आकाशाच्या दृष्टीने ह्या दोन गावांत निवड करण्यासारखे काही नव्हते. फरक जमिनीवर होता. जेऊर हे मुंबई-मद्रास लोहमार्गावरील स्थानक होते आणि इंदापूर गावाला रेल्वे नव्हती. निरीक्षणाची जागा ग्रहाच्या गतीइतकीच उपकरणाच्या वजनानेही ठरते, ही गोष्ट ह्या ग्रहणाच्या इतिहासात ठळकपणे दिसून येते.

जेऊरला आलेल्या निरीक्षकांत अमेरिकेतील लिक वेधशाळेचे डब्ल्यू. डब्ल्यू. कॅम्बेल होते. त्यांच्या सामानातील प्रमुख उपकरण म्हणजे चाळीस फूट नाभ्यंतराचा छायाचित्रक. त्याचे भिंग अवघे पाच इंच व्यासाचे. परंतु नाभ्यंतर लांब असल्यामुळे सूर्याची प्रतिमा काचेच्या पट्टीवर सुमारे साडेचार इंचांची पडे. इतकी लांब नळी सूर्याच्या मागे फिरविणे अशक्य. म्हणून ती ग्रहणसमयीच्या सूर्याच्या दिशेला आधीच रोखून बांधून टाकीत आणि घड्याळी यंत्राने छायाचित्राची पट्टीच सरकवीत. ह्या उपकरणाला ‘नेण्याजोगे’ म्हणावे काय? ते महासागर ओलांडून आले होते, त्या अर्थी होय. परंतु ते उभारावयास दिवसचे दिवस लागत, आणि एकदा उभारले की त्यातून आकाशाचा एकच बिंदू, तोही काही मिनिटांपुरता, साधत असे. वाहून नेता येणे आणि उचलून नेता येणे ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत, आणि हौशी निरीक्षकाचा संबंध दुसरीशी येतो.

विजयदुर्ग किल्ल्यातील ‘साहेबाचे ओटे’ ह्या संदर्भात आठवणे साहजिक आहे. नॉर्मन लॉकियर ह्यांनी १८६८ साली ह्या ओट्यांवरून हेलियमचा शोध लावला, अशी समजूत तेथे रूढ आहे. वस्तुतः १८६८ च्या ऑक्टोबरात लॉकियर इंग्लंडातून सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट तपासीत होते. विजयदुर्गास ते आले १८९८ साली, जेऊरच्याच ग्रहणासाठी. ओट्यांचा संबंध ह्या दुसऱ्या प्रसंगाशी जोडणे अधिक सयुक्तिक होय. लोकस्मृतीने सालात चूक केली, पण वस्तू बरोबर जपली. जड उपकरणाला ओटा लागतो आणि उपकरण गेल्यावर ओटा मागे राहतो.

ह्याच ग्रहणासाठी ब्रिटिश अॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन ह्या हौशी निरीक्षकांच्या संस्थेची एक तुकडी वऱ्हाडाकडील तळणी येथे उतरली होती. तीत अॅनी माँडर ह्या गणितज्ञ बाई होत्या. त्यांच्या लहानशा छायाचित्रकाचे भिंग दीड इंच व्यासाचे व आखूड नाभ्यंतराचे होते. ह्या उपकरणाने त्यांनी सूर्याच्या प्रभामंडलातून निघालेली एक शलाका टिपली. तोवर छायाचित्रात आलेल्या शलाकांत ती सर्वांत लांब ठरली. हा योगायोग नव्हे. शलाकेसारख्या पसरट व मंद वस्तूच्या छायाचित्रात नाभ्यंतराला व्यासाने भागून येणारे गुणोत्तर निर्णायक असते. जेऊरच्या छायाचित्रकात हे गुणोत्तर ९६ होते. प्रतिमा मोठी झाली, तसा तिच्यातील प्रकाश विरळ झाला. सूर्याच्या कडेजवळील सूक्ष्म तपशील पाहण्यासाठी ते योग्यच होते. दूरवर पसरलेल्या मंद प्रकाशासाठी नव्हते. दोन्ही साधने आपापल्या हेतूला अनुरूप होती, म्हणून त्यांत उजवेडावे करण्याचे कारण नाही. मात्र लहान उपकरण म्हणजे मोठ्याची गरीब आवृत्ती, हा समज तळणीच्या छायाचित्राने त्याच दिवशी खोटा ठरविला होता, आणि तो अद्याप गेलेला नाही.

जेऊरला पुण्याचे प्रा. कावसजी दादाभाई नायगामवाला हेही होते. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १८८८ मध्ये उभी राहिली. तिची वीस इंची परावर्ती दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानातील सर्वांत मोठी गणली जाई. जेऊरच्या निरीक्षणांचा नायगामवालांचा वृत्तान्त १९०२ साली मुंबईस छापला गेला. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि उपकरणे कोडईकनालला गेली. एका माणसाच्या निवृत्तीबरोबर एका शहराचे आकाशदर्शन आटोपावे, हे विलक्षण खरे. पण ज्या साधनाला इमारत, अनुदान व अधिकारपद लागते, त्याचे असेच होते. हौशी अभ्यासकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था पुण्यात १९४४ साली स्थापन झाली. मधल्या बत्तीस वर्षांत पुणेकरांचे आकाश कोठे गेले नव्हते, गेली होती ती दुर्बीण.

येथे शब्दांकडे थोडे लक्ष द्यावयास हवे. ‘दुर्बीण’ हा शब्द फारसी ‘दूर’ व ‘बीन’ (पाहणारा) ह्यांपासून आला व मराठीत स्त्रीलिंगी झाला. संस्कृतोद्भव ‘दूरदर्शक’ ग्रंथांत राहिला. ‘दुर्बीण’ घरात आली. ह्या एका शब्दात वेधशाळेतील यंत्र, पक्षिनिरीक्षकाच्या गळ्यातील जोडनळी आणि शल्यविशारदाची नळी ही सर्व सामावतात. म्हणून ‘दुर्बीण घ्यावयाची आहे’ एवढ्या वाक्यावरून मराठीत काहीच ठरत नाही. ‘वेध’ शब्दाचे तर याहून मौजेचे आहे. ग्रहणाचे वेध ‘पाळतात’ आणि ग्रहणाचा वेध ‘घेतात’. पहिल्यात मनुष्य पदार्थ झाकून घरात बसतो, दुसऱ्यात उपकरण घेऊन अंगणात येतो. शब्द एकच, मधले अंतर अंगणापर्यंत नेता येईल अशा साधनाने तुटते.

आजच्या बारामती-इंदापूर भागातील अभ्यासकापुढे हा प्रश्न व्यवहाराच्या रूपात उभा राहतो. बारामती शहर व औद्योगिक वसाहत ह्यांच्या उजेडामुळे मंद तेजोमेघ पाहण्यासाठी गावाबाहेर जाणे भाग पडते, आणि तेही बहुधा दुचाकीवरून. सत्तर मिलिमीटर भिंगाची प्रणमनी दुर्बीण तिपाईसह पाठीवर बसते. तिच्यातून शनीचे कडे, गुरूचे चार चंद्र व चंद्रावरील विवरे स्वच्छ दिसतात. एकशेतीस मिलिमीटर आरशाची परावर्ती दुर्बीण जवळजवळ साडेतीनपट प्रकाश गोळा करते, परंतु प्रवासाच्या हादऱ्यांनी तिचे आरसे हलतात व पुन्हा जुळवावे लागतात. विवर्धनाच्या जाहिरातींना भुलू नये. उपयुक्त विवर्धन व्यासाच्या मिलिमीटरांच्या दुपटीपलीकडे सहसा जात नाही. सत्तर मिलिमीटरच्या खोक्यावर पाचशेपट असे छापलेले असल्यास ते खोके दुकानातच ठेवावे.

बैठकीचा विचार तर स्थानिकच आहे. बारामतीचा अक्षांश सुमारे १८ अंश. ध्रुवतारा क्षितिजावर तेवढाच वर, बहुधा धुरळ्यात किंवा उसाच्या फडामागे. विषुववृत्तीय बैठकीचा ध्रुवाक्ष येथे आडवा होत जातो, आणि उत्तरेकडील देशांसाठी घडविलेल्या हलक्या बैठकीत प्रतिभाराचा दांडा तिपाईच्या पायाला अडतो. म्हणून खाली-वर व डावी-उजवीकडे फिरणारी साधी बैठकच येथे सोयीची. तिचे लाकडी पेटीचे रूप जॉन डॉब्सन ह्यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या पदपथांवर लोकप्रिय केले. ते रामकृष्ण संघाचे संन्यासी होते व १९६७ साली मठाबाहेर पडले.

इंदापूर तालुक्यातील भिगवण येथे मात्र एक तिसराच पर्याय रूढ झालेला आहे. उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी पाहावयास येणाऱ्यांजवळ स्पॉटिंग स्कोप असतो. त्यातील प्रतिमा सुलटी. ज्योतिषाच्या परावर्ती दुर्बिणीत ती उलटी दिसते व नवशिक्याचा गोंधळ होतो. सकाळी पक्षी आणि रात्री चंद्र, अशा दुहेरी उपयोगासाठी पासष्ट ते ऐंशी मिलिमीटरचा, डोळ्याकडील टोक पंचेचाळीस अंशांत वळविलेला स्पॉटिंग स्कोप येथे निःशंकपणे निवडावा. माथ्यावरील तारे पाहताना मान दुखते, आणि नेत्रिका बदलता येत नसेल तर विवर्धनाची मर्यादा लवकर येते. शिवाय हिवाळ्यात पाण्यावरून येणारे दव मध्यरात्रीपूर्वीच भिंगावर साचते. ते रुमालाने पुसू नये, नळीच्या पुढे पुठ्ठ्याचे नळकांडे लावावे.