आग्रा रस्त्यावरची मोटारजत्रा



जालन्याच्या मस्तगडात राहणाऱ्या आणि उभा जन्म पगारवाढीच्या व बोनसच्या वाटाघाटींत घालवलेल्या माणसाने मोटारशर्यतींच्या इतिहासावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. मोटारीचा शौक राजेरजवाड्यांचा आणि धनिकांचा, अशी आपली समजूत आहे. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. मोटार विकत घेणारा एक असतो आणि मोटार कळणारा दुसरा असतो. हे दोघे पुष्कळदा एका देहात नांदत नाहीत. आपल्याकडचा शंकरपट आठवा. बैलांची अवलाद, त्यांचे खूर, त्यांची उमेद यांवर तावातावाने बोलणाऱ्या शंभरांत पाचांच्याही दावणीला पटाचा बैल नसतो. म्हणून त्यांना कोणी हौशी म्हणत नाही काय? मोटारींच्या बाबतीत मात्र हा मान आपण मालकालाच देऊन टाकला आहे.

प्रारंभी तो मालकाचाच होता, हे कबूल केले पाहिजे. १९०४ च्या अखेरीस मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेने दिल्ली ते मुंबई अशी मोटारींची चाचणी भरवली. गाड्या साहेबांच्या आणि संस्थानिकांच्या. रस्त्याकाठच्या शेतकऱ्याला त्यांतले काय समजले असेल? धूळ, आवाज, आणि बुजलेली बैलजोडी.

पुढच्या साठ वर्षांत मात्र चित्र पालटले. मोटारी थोड्या, पण त्या दुरुस्त करणारे हात अनेक झाले. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, आणि कुर्ल्याचा त्यांचा कारखाना पुढे फिएट काढू लागला. गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. कारखान्यातला कामगार दिवसभर फिएट जोडी आणि संध्याकाळी लोकलला लोंबकळत घरी जाई. एस. टी.च्या कार्यशाळांतून, नाक्यानाक्यांवरच्या गॅरेजांतून आवाजावरून इंजिनाचे दुखणे ओळखणारी एक पिढी तयार झाली. तिच्या नावावर सायकलीपलीकडे वाहन नव्हते.

अशा काळात, १९६८ च्या डिसेंबरच्या आरंभी, मुंबई–आग्रा रस्त्याने एक अपूर्व जत्रा आली. तिचे नाव लंडन–सिडनी मॅरेथॉन. लंडनचे ‘डेली एक्स्प्रेस’ आणि सिडनीचे ‘डेली टेलिग्राफ’ या दोन वृत्तपत्रांनी ती योजली होती; बक्षीस दहा हजार पौंडांचे. २४ नोव्हेंबरला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसपासून ९८ गाड्या निघाल्या, आणि पॅरिस, बेलग्रेड, इस्तंबूल, तेहरान, काबूल अशा मजला मारीत दिल्लीला आल्या. तेथून आग्रा, इंदूर करून मुंबई. सुमारे सात हजार मैल, आठवडाभरात! मुंबईहून ७२ गाड्या ‘चुसान’ नावाच्या बोटीवर चढल्या आणि ऑस्ट्रेलियाच्या फ्रीमँटल बंदराकडे गेल्या.

माझ्या माहितीचे एक निवृत्त मिस्त्री आहेत. ते त्या वेळी धुळ्यात उमेदवारी करीत होते. उस्तादाने त्या दिवशी सुट्टी दिली नाही. स्वतःच गॅरेजला कुलूप लावले आणि सगळ्यांना घेऊन रस्त्यावर जाऊन उभा राहिला. दुतर्फा माणसेच माणसे. झाडांवर पोरे, बैलगाड्यांवर बायका. पोलीस दोर धरून गर्दी मागे लोटीत आणि स्वतःच माना वळवून पाहात. प्रत्येक गाडी येण्याआधी तिचा आवाज येई, आणि हा उस्ताद डोळे मिटून सांगे : चार सिलिंडर; ही सहा; हिचा सायलेन्सर फुटलाय, पण इंजिन ठणठणीत आहे. कित्येक गाड्यांच्या तोंडाशी लोखंडी नळ्यांची जाळी होती. ती कशाला, यावर गॅरेजात आठ दिवस वाद झाला. कोणी म्हणे बैलांसाठी, कोणी म्हणे गर्दीसाठी. पुढे कोणीतरी वर्तमानपत्र वाचून खुलासा केला की ती ऑस्ट्रेलियातल्या कांगारूंसाठी आहे. मिस्त्री अजून सांगतात, “कांगारू चित्रातसुद्धा पाहिला नव्हता, पण जाळीचे वेल्डिंग मात्र नीट पाहून घेतले.”

तिकीट नव्हते, कठडा नव्हता, आमंत्रणपत्रिका नव्हती. जगातले नावाजलेले चालक त्या पोरापासून हातभर अंतरावरून गेले. मला ही गोष्ट सामान्य वाटत नाही. ज्याला यंत्र कळते त्याला यंत्राजवळ फुकट उभे राहता आले, असा तो प्रसंग होता.

जिंकली कोण? मुंबईला रॉजर क्लार्कची लोटस कॉर्टिना आघाडीवर होती. पण १७ डिसेंबरला सिडनीत पहिली ठरली ती अँड्र्यू कोवान आणि त्याच्या दोघा साथीदारांची हिलमन हंटर, एक साधी कौटुंबिक मोटार. कोव्हेंट्रीच्या रूट्स कंपनीची ही गाडी त्याआधी वर्षभरापासून तेहरानच्या कारखान्यातही ‘पैकान’ या नावाने जोडली जात होती, आणि इराणी कामगार ती २००५ पर्यंत बनवीत राहिले. ज्या शहरातून शर्यत गेली तेथल्याच मजुरांच्या हातची गाडी, असे म्हटले तरी चालेल. वृत्तपत्रांना हे सुचले नाही. सुचले असते तरी छापले असते की नाही, कोण जाणे.

आता दुसरी बाजू. खुल्या रस्त्यावरची शर्यत हा जीवघेणा खेळ आहे. त्याच मॅरेथॉनमध्ये शेवटच्या टप्प्यात आघाडीवर असलेल्या लुसियें बियांकीच्या सित्रोएनवर समोरून येणारी एक मिनी आदळली. मागून येणारा पॅडी हॉपकर्क शर्यत विसरून मदतीला थांबला, आणि तरीही दुसरा आला. त्याआधी १९५५ साली फ्रान्समध्ये ल माँ येथे, तेही बंदिस्त मार्गावर, एक गाडी प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक माणसे गेली. इटलीची हजार मैलांची मिल्ले मिलिया ही शर्यत गावागावांतून धावे. १९५७ साली तीत नऊ प्रेक्षक मेले, त्यांत पाच मुले होती. त्यानंतर ती शर्यत त्या रूपात उरली नाही. तेव्हा कठडे आले ते केवळ तिकिटे विकण्यासाठी आले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कारखान्यात यंत्राला जाळी बसवा म्हणून आम्हीच भांडतो. रस्त्यावर जाळी नको, असे कोणत्या तोंडाने म्हणू?

पण जाळी सुरक्षिततेसाठी असते, आणि फाटक पैशासाठी असते. या दोन वस्तू वेगळ्या आहेत, आणि आपल्या देशात त्या एकदमच आल्या. मद्रासजवळ शोलावरमला युद्धकाळातल्या धावपट्टीवर शर्यती होत, तेथवर प्रेक्षक गाड्यांच्या बराच जवळ असे. मग कायमचे मार्ग बांधले गेले. ३० ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीजवळ ग्रेटर नोइडात फॉर्म्युला वनची पहिली भारतीय शर्यत झाली. सेबास्टियन फेटेल जिंकला, आपला नारायण कार्तिकेयन सतरावा आला. सर्वांत स्वस्त तिकीट अडीच हजारांचे, आणि तेथून पस्तीस हजारांपर्यंत. २०१३ नंतर ती शर्यत भारतात पुन्हा झालेली नाही. करावरून वाद झाले, हिशेब जुळले नाहीत. अडीच हजार खर्चून जाणारा मिस्त्री त्या हिशेबात कोणी धरलाच नव्हता.

आमच्या मिस्त्रींनी ती शर्यत घरी दूरदर्शन संचावर पाहिली. आवाज खरा वाटत नाही म्हणून त्यांनी तो बंदच केला आणि नुसते चित्र पाहात बसले. मी नंतर विचारले, काय पाहिलेत? ते म्हणाले, “चाके बदलताना पाहिले. एका चाकाला तीन माणसे, म्हणजे चारांना बारा. पुढच्या जॅकला एक, मागच्याला एक. शिंक येईपर्यंत गाडी मोकळी!” मग थोडे थांबून त्यांनीच मला विचारले की या माणसांना पाळी किती तासांची असते. मला ते ठाऊक नव्हते.