बारा वर्षांचा जहाजप्रमुख: एका कथेची छाननी

डेव्हिड फॅरागट १८६६ मध्ये अमेरिकी नौदलाचा पहिला ॲडमिरल झाला. बाराव्या वर्षीच त्याने एक जहाज ताब्यात घेऊन बंदराला नेले, असे त्याचे चरित्रकार सांगतात. या कथेतले पुराव्याला किती उतरते?

आधी तारखा पाहू. जन्म ५ जुलै १८०१, टेनेसी. मिडशिपमन या कनिष्ठ नौदल पदाची सनद १७ डिसेंबर १८१० ची. म्हणजे वयाची साडेनऊ वर्षेही पुरी नव्हती. नौदलमंत्री हॅमिल्टन यांनी दहाव्या वर्षी सनद देण्याचे कबूल केले होते, असे फॅरागट आठवणींत लिहितो. ती आधीच मिळाली, हे तारखेवरून उघड आहे. त्याला सांभाळणारा डेव्हिड पोर्टर नौदलातच अधिकारी होता. त्याच्या शब्दाने ही घाई झाली असावी, पण हा तर्क.

१८१३ मध्ये, ब्रिटनशी युद्ध चालू असताना, पोर्टरची ‘एसेक्स’ ही युद्धनौका पॅसिफिकमध्ये ब्रिटिश व्हेलशिकारी जहाजे धरत होती. फॅरागट तिच्यावरच होता. धरलेल्या प्रत्येक जहाजावर अधिकारी हवा, आणि तेच अपुरे पडू लागले. जुलैमध्ये ‘बार्कले’ हे परत मिळवलेले अमेरिकी जहाज चिलीतल्या वाल्पराइसोला धाडले, तेव्हा ताबा फॅरागटकडे आणि दिशा राखण्याचे काम जहाजाच्या जुन्या, तापट कप्तानाकडे अशी वाटणी झाली. भांडणाचे बीज इथेच होते.

शिडे भरण्याच्या हुकुमावरून कप्तान उसळला आणि पिस्तुले आणायला खाली गेला. ती घेऊन वर आलात तर समुद्रात फेकले जाल, असे मुलाने बजावले. खलाशांनी मुलाचे ऐकले. हा प्रसंग आपल्याला कळतो तो फॅरागटच्याच आठवणींतून. त्या आठवणी फॅरागटच्या मुलाने १८७९ मध्ये वडिलांच्या चरित्रात छापल्या. कथेचा नायकच साक्षीदार आहे, आणि तोही बऱ्याच वर्षांनी बोलतो आहे. संवाद जसेच्या तसे धरता येत नाहीत.

मग दुसरी साक्ष? या प्रसंगाची नाही, पण फॅरागटच्या योग्यतेची आहे. २८ मार्च १८१४ रोजी वाल्पराइसोजवळ ‘फीबी’ आणि ‘चेरब’ या ब्रिटिश जहाजांनी ‘एसेक्स’ला शरण आणले. ३ जुलैच्या अहवालात पोर्टरने या लढाईतील फॅरागटच्या कामगिरीची वाखाणणी केली. बढतीची शिफारस करण्याइतके मात्र त्याचे वय नाही, असेही नोंदवले. पोर्टर पालक असल्याने स्तुतीला थोडी कात्री लावावी लागते. पण बढती नाकारणाऱ्या वाक्यात पक्षपात दिसत नाही.

निष्कर्ष इतकाच: सनद, नेमणूक आणि वरिष्ठाचा विश्वास पक्के, पिस्तुलांचा प्रसंग संभाव्य, पण एकाच तोंडचा.