हाय-डेफिनिशन चित्रफितींसाठी सुवाह्य प्लेअर : निवडीपूर्वी काय तपासावे?

मैलापूर (चेन्नई) : डिसेंबरच्या मध्यापासून सुरू होणाऱ्या मार्गळी महिन्यात कपालीश्वर मंदिराभोवतीचा मैलापूर परिसर कर्नाटक संगीताच्या मैफलींनी गजबजतो. लगतच असलेल्या म्युझिक अकादमीची (स्थापना १९२८) वार्षिक परिषद व महोत्सव याच काळात होतो. कोरोना साथीमुळे २०२० मध्ये अकादमीचा महोत्सव ऑनलाइन झाला आणि सभागृहापर्यंत न पोहोचणाऱ्या रसिकांनाही घरबसल्या मैफली पाहता आल्या. अशा प्रदीर्घ मैफलींचे चित्रमुद्रण प्रवासात किंवा इंटरनेटविना पाहायचे असल्यास सुवाह्य प्लेअर, टॅब्लेट किंवा मोबाइल यांपैकी काहीही घेता येते. मात्र खोक्यावर छापलेल्या ‘फुल एचडी’ या शब्दांवरून त्याची योग्यता ठरत नाही.

पडदा आणि चित्र : एचडी म्हणजे १२८० × ७२० आणि फुल एचडी म्हणजे १९२० × १०८० चित्रबिंदू. काही उपकरणे फुल एचडी फाइल स्वीकारतात. परंतु त्यांचा पडदा कमी क्षमतेचा असल्याने प्रत्यक्ष चित्र लहान करून दाखवतात. म्हणून फाइलची आणि पडद्याची क्षमता स्वतंत्रपणे विचारावी.

संकेतन : चित्रफीत लहान आकारात साठवण्याच्या पद्धतीस कोडेक म्हणतात. २००३ मध्ये प्रमाणित झालेला एच.२६४ बहुतेक उपकरणांवर चालतो. २०१३ मधील एच.२६५ (एचईव्हीसी) जवळपास त्याच दर्जासाठी सुमारे निम्मी जागा घेतो. मात्र तो उलगडण्याची सोय उपकरणाच्या चिपमध्येच नसेल तर चित्र अडखळते आणि बॅटरी लवकर संपते. एमपी४ किंवा एमकेव्ही ही केवळ वेष्टने आहेत. वेष्टन ओळखीचे असले, तरी आतील ध्वनीचे एसी-३ अथवा डीटीएस संकेतन उपकरणास उलगडता आले नाही, तर चित्र दिसते आणि गायन ऐकू येत नाही.

साठवण : सेकंदाला ८ मेगाबिट वेगाने मुद्रित केलेली चित्रफीत तासाला सुमारे ३.६ जीबी जागा व्यापते. तीन तासांच्या मैफलीस जवळपास ११ जीबी लागतात. येथेच अनेकांची फसगत होते. ३२ जीबीपर्यंतची मेमरी कार्डे सहसा फॅट३२ पद्धतीने आखलेली असतात आणि त्या पद्धतीत एका फाइलची मर्यादा ४ जीबी असते. वरील वेगाने ती सुमारे ७१ मिनिटांत गाठली जाते. कार्डावर जागा शिल्लक असूनही अखंड फाइल उतरत नाही. मैफलीतील मुख्य रचना आणि त्यानंतरचे मृदंगाचे ‘तनि आवर्तनम्’ सहसा उत्तरार्धात असते, हे लक्षात घेता हानी लहान नाही. यावर उपाय म्हणजे एक्सफॅट पद्धत व ६४ जीबी किंवा त्याहून मोठी कार्डे स्वीकारणारे उपकरण.

बॅटरी आणि ध्वनी : बॅटरीचा दावा गाणी ऐकण्याचा आहे की चित्रफीत पाहण्याचा, हे स्पष्ट करून घ्यावे. पडदा सुरू असताना वीज कितीतरी अधिक लागते. तंबोऱ्याचा सूक्ष्म नाद ऐकायचा असल्यास इअरफोन लावून पाहावा. मोठ्या टीव्हीवर चित्र दाखवायचे असल्यास एचडीएमआय जोडणीची खात्री करावी.

खरेदीची कसोटी : चेन्नईतील रिची स्ट्रीट असो वा मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दुकानदाराची नमुना फीत पुरेशी नसते. स्वतःची तीन तासांची फाइल कार्डावर नेऊन ती दुकानातच सुरू करावी, मध्यावर व अखेरीस सरकवून पाहावी आणि चित्र व आवाज जुळतात का, हे तपासावे.

सभागृहात चित्रीकरण करण्यापूर्वी आयोजकांची व कलाकारांची परवानगी घ्यावी. १९९४ च्या दुरुस्तीनंतर स्वामित्व हक्क कायद्याने कलाकारांच्या सादरीकरणालाही संरक्षण दिले आहे. पुण्यातील सवाई गंधर्व महोत्सवाच्या श्रोत्यांनीही हेच पथ्य पाळणे श्रेयस्कर ठरेल.