पागलखाना चौक

गेल्या उन्हाळ्यात मला आणि माझ्या एका मित्राला ओसाड इस्पितळांच्या व्हिडिओंचं वेड लागलं होतं. ‘वेड’ हा शब्द तेव्हा मी असा सहज वापरायचो. रात्री जेवणं झाली की गच्चीवर जायचं आणि फोनवर बघत बसायचं. सोडून दिलेली परदेशी मनोरुग्णालयं, गंजलेल्या खाटा, भिंतींचे सुटलेले पोपडे, आणि टॉर्च घेऊन कुजबुजत फिरणारा कुणीतरी. एका रात्री मित्र म्हणाला, “आपल्या नागपुरात नाही का बे? पागलखाना तर इंग्रजांच्या काळातला आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढली. आमचं घर गांधीबागेत, कापड बाजाराच्या मागच्या गल्लीत. तिथून सेंट्रल अव्हेन्यू, स्टेशन, सदर आणि मग छिंदवाडा रोड. पाच-सहा किलोमीटर असेल. कागदावर त्या जागेचं नाव प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. पण रिक्षावाल्याला तसं सांगितलं तर तो एक क्षण थांबतो आणि म्हणतो, “पागलखाना चौक म्हणा ना मग.”

तिथं ओसाड काहीच नव्हतं. बाह्यरुग्ण विभागाची वेळ होती. हातात प्लास्टिकच्या पिशवीतले कागद, जेवणाचा डबा, पाण्याची बाटली, अशी गावाकडून आलेली माणसं. एक बाई आपल्या पंचविशीतल्या मुलाचं मनगट धरून उभी होती, रस्ता ओलांडताना लहान पोराचं धरतात तसं. मुलगा शांत होता. तिनं आमच्याकडे, मग माझ्या हातातल्या फोनकडे पाहिलं. मी फोन खिशात टाकला. आम्ही चहा प्यायलो आणि परत आलो.

रात्री जेवताना मी हे घरी सांगितलं. बाबा काही बोलले नाहीत. आजी भात कालवत होती, तिचा हात थांबला.

“भाऊजी होते ना तिथं,” ती म्हणाली. “चौदा वर्षं.”

मी चोवीस वर्षं या घरात राहतो. आजोबांना एक धाकटा भाऊ होता, हे मला त्या रात्री कळलं.

त्यानंतर मी वाचायला लागलो. आधी त्या जागेबद्दल, कारण माणसाबद्दल विचारायचं धाडस होत नव्हतं.

नागपूरचं हे मनोरुग्णालय १८६४ सालचं. त्याच वर्षी नागपूरला नगरपालिका मिळाली. रेल्वे इथे आली १८६७ मध्ये, आणि जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली १ जानेवारी १८७७ ला. म्हणजे या शहरात आगगाडीची शिटी आणि मिलचा भोंगा वाजण्याआधी वेड्यांचं इस्पितळ उभं होतं. आमच्या घरापासून जवळ होती ती एम्प्रेस मिल बंद पडली, पाडली गेली, तिथे मॉल आला. इस्पितळ चालूच आहे. महाराष्ट्रात सरकारची अशी चार जुनी इस्पितळं आहेत: नागपूर, येरवडा, ठाणे आणि रत्नागिरी. चारांत नागपूरचं सगळ्यात जुनं.

इतकी घाई कशाची होती? नागपूरचे राजे तिसरे रघुजी १८५३ च्या डिसेंबरात वारले, वारस नाही म्हणून इंग्रजांनी राज्य खालसा केलं आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत नावाचा नवा प्रांत बनवला. नव्या प्रांताला कचेऱ्या, तुरुंग, दवाखाने लागतात. आणि १८५८ चा छत्तीसावा कायदा आधीच झालेला होता. त्यात पोलिसांचं कर्तव्यच सांगितलं होतं: मोकाट भटकणारा कुणी वेडा वाटला तर पकडायचं आणि मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं. मॅजिस्ट्रेटनं डॉक्टरच्या मदतीनं ठरवायचं आणि पाठवून द्यायचं. बरं करण्याची गोष्ट त्यानंतर. आधी रस्ता मोकळा करायचा होता.

मध्य प्रांतात अशी दोन ठिकाणं होती, नागपूर आणि जबलपूर. दरवर्षी त्यांचा अहवाल निघायचा. किती आले, किती बरे झाले, किती मेले, आणि वेड लागण्याचं कारण काय. या शेवटच्या रकान्यानं मला धरून ठेवलं.

त्या काळी देशभरातल्या अशा इस्पितळांच्या अहवालांत एक कारण फार दिसायचं: गांजा. मध्य प्रांतात तर गांजा परवान्यानं पिकायचा, निमाड जिल्ह्यात खंडव्याकडे. भारतातली माणसं गांजा ओढून वेडी होतात, अशी चर्चा थेट लंडनच्या पार्लमेंटात झाली आणि सरकारनं १८९३ मध्ये एक आयोग नेमला. त्यात मध्य प्रांतातले एक अधिकारी, ए. एच. एल. फ्रेझर, सदस्य होते. आयोगानं एक साधं काम केलं. १८९२ या एका वर्षात देशातल्या इस्पितळांत भरती झालेल्या १३४४ माणसांचे कागद काढले. त्यातल्या २२२ जणांपुढे गांजा-भांगेसारखं कारण लिहिलेलं होतं. मग एकेका माणसाची नव्यानं चौकशी केली. गावी विचारलं, घरच्यांना विचारलं. २२२ पैकी उरले ९८.

बाकीच्यांपुढे ते कारण आलं कुठून? माणसाला पाठवताना पोलीस एक वर्णनपत्रक भरून द्यायचे. त्यात कारणाचा रकाना होता आणि तो रिकामा ठेवायचा नसतो. भटकताना सापडलेल्या माणसाचं ना गाव माहीत, ना घर. कधीतरी चिलीम ओढत असेलच, म्हणून गांजा. इस्पितळात तेच वहीत उतरवलं जायचं, वहीतून अहवालात, अहवालातून पार्लमेंटात. माणसाला काय झालं होतं, हे त्या वाटेवर कुणीच विचारलेलं नसायचं.

हे वाचलं त्या रात्री मी आजीजवळ जाऊन बसलो आणि विचारलं, “लहान आजोबांना काय झालं होतं?”

“काही समजतच नव्हतं रे,” ती म्हणाली. “लोकं म्हणे कोणं काही खाऊ घातलं. कोणी म्हणे बाहेरचं आहे. तुझे आबाजी म्हणत, डोक्यावर परिणाम झाला. इतकंच.”

तेही एका रकान्यातच बसवलं होतं.

आजीनं सांगितलं ते असं. आबाजी आणि भाऊजी दोघंही गांधीबागेतल्या एका ठोक कापड दुकानात कामाला. भाऊजी हिशेबात पक्के, आवाज गोड. मग साधारण पंचविशीत ते रात्री झोपेनासे झाले. मालक चोर समजतात, असं म्हणू लागले. एकच थान पुन्हा पुन्हा उलगडायचे, मीटरपट्टीनं मोजायचे, घडी करायचे, परत उलगडायचे. मोजताना कुणाशी तरी बोलायचे. एकदा बाजारात भर दुपारी गिऱ्हाइकाच्या अंगावर धावून गेले. दुकान सुटलं. घर दोन खोल्यांचं. आत्या लहान, बाबा तीन वर्षांचे. १९६८ मध्ये त्यांना तिकडं नेलं.

तेव्हा कोणता कायदा होता, हे मी पाहिलं. १९१२ चा, भारतीय वेडेपणा कायदा. नातेवाइकानं मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा, दोन डॉक्टरांचे दाखले जोडायचे, आणि मग आदेश निघायचा. मधल्या काळात, १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला, या जागांच्या पाट्या बदलल्या होत्या. ‘असायलम’ जाऊन ‘मेंटल हॉस्पिटल’ आलं होतं. १९३८ मध्ये रोममध्ये विजेच्या झटक्यांचा उपचार सुरू झाला. १९५२ मध्ये पॅरिसमध्ये डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांना दिलं आणि ज्यांच्यापुढे जन्मभराची कोठडी होती अशी माणसं बोलू लागली, बसून जेवू लागली. देश स्वतंत्र झाला, नागपूर आधी राजधानी होतं ते राहिलं नाही, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. पण १९१२ चा कायदा तसाच होता. तो गेला १९९३ मध्ये, १९८७ चा कायदा अमलात आला तेव्हा. आत जाण्यासाठी आदेश लागायचा. बाहेर पडण्यासाठी, बरं वाटलं तरी, बहुतेकदा हवं असायचं घेऊन जाणारं माणूस.

आणि इथेच आजी थांबली होती. दोन दिवसांनी तिनं उरलेलं आपणहून सांगितलं.

“कार्ड आलं होतं तिकडून. का आता बरे आहेत, घेऊन जा. तुझ्या आबाजीनं वाचलं आणि देवघरातल्या पोथीत ठेवलं. पोरींचे लग्नं व्हायचे होते ना. घरात असा माणूस आहे म्हटल्यावर कोण येईल पोरी पाहाले?”

“मग?”

“मग काय. पहिले दोन-तीन वर्षं दिवाळीत जात होतो, फराळ घेऊन. कार्ड आल्यावर जाणंच बंद झालं. कोणत्या तोंडानं जाणार होतो?”

कार्ड आलं १९७४ च्या आसपास. लहान आजोबा वारले १९८२ मध्ये. मधली आठ वर्षं कुठल्याही आजाराची नव्हती. ती आमची होती.

आबाजींना मी पाहिलेलं आहे. शांत, देवभोळा माणूस. रोज सकाळी पोथी वाचायचे. मला आता कळतं, रोज ती पोथी उघडताना त्यांच्या हाताला काय लागत असेल. मी त्यांना वाईट ठरवू शकत नाही. त्यांच्यासारखे फार होते, आणि अजून आहेत. २०१९ मध्ये देशातल्या ४३ सरकारी मनोरुग्णालयांच्या पाहणीचा अहवाल आला. आत राहणाऱ्यांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक माणसं एक वर्षापेक्षा जास्त काळ तिथेच होती. त्यातल्या अनेकांना इस्पितळाची गरज उरलेली नाही, पण परतायला दार नाही.

ते व्हिडिओ मी पुन्हा पाहिले. या वेळी त्या इमारती रिकाम्या का झाल्या, ते शोधलं. मॅसॅच्युसेट्समधलं डॅनव्हर्सचं इस्पितळ १८७८ मध्ये सुरू झालं, आपल्या नागपूरनंतर चौदा वर्षांनी, आणि १९९२ मध्ये बंद झालं. नवी औषधं आली होती. १९६३ मध्ये केनेडींनी उपचार माणसाच्या वस्तीतच व्हावेत म्हणून कायदा केला. इटलीनं १९७८ मध्ये अशी इस्पितळं बंदच करायचं ठरवलं. लोक बाहेर आले. अमेरिकेत वस्तीतल्या उपचारांना पुरेसा पैसा मिळाला नाही, त्यामुळे कित्येक जण फुटपाथवर आणि तुरुंगात पोहोचले, हेही खरं. पण गंजलेल्या खाटांचा तो व्हिडिओ म्हणजे निदान माणसं उठून गेल्याची खूण आहे. आपल्याकडे खाट रिकामी झाली नाही. आपण इमारत सोडली नाही, आतल्या माणसाला सोडलं.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा यावर बोलतो. त्यातलं १९ वं कलम सांगतं की मानसिक आजार असलेल्या माणसाला समाजात राहण्याचा हक्क आहे; घरचे नाहीत, घरच्यांनी नाकारलं किंवा राहायला घर नाही, एवढ्याच कारणासाठी त्याला इस्पितळात ठेवता येणार नाही. मग त्यानं जायचं कुठे? सरकारनं अशा लोकांसाठी वस्तीतली घरं उभी करायची आहेत. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्राला फटकारलं ते याच मुद्द्यावर. बरी झालेली माणसं मनोरुग्णालयातून काढून भिक्षेकरी गृहांत पाठवली जात होती. न्यायालयानं ते थांबवायला सांगितलं. १८५८ च्या कायद्यानं भटकणाऱ्याला उचलून इस्पितळात नेलं होतं. एकशेसाठ वर्षांनी इस्पितळातून त्याला भिकाऱ्यांत नेत होते. घराचा रस्ता मध्ये कुठेच लागत नव्हता.

कार्ड शोधलं. पोथी आहे, कार्ड नाही. सापडलं ते जुनं राशन कार्ड, बाबांच्या कागदांच्या पेटीत. कुटुंबातल्या माणसांची नावं एकाखाली एक. तिसऱ्या ओळीवर निळ्या शाईची सरळ रेघ. रेघेखालचं नाव अजून वाचता येतं. मी ते आजीला वाचून दाखवलं. ती त्यांना नावानं कधी हाक मारत नव्हती, त्यामुळे ऐकल्यावर क्षणभर तिला ओळखच पटली नाही. मग हसली. ते नाव मी इथे लिहीत नाही. आत्यांना अजून सांगायचं आहे. आपली लग्नं कशामुळे जमली, हे त्यांना माहीत नाही.

मागच्या आठवड्यात आजी म्हणाली, मला तिकडं घेऊन चल. रिक्षा केली. रिक्षावाल्यानं कुठं विचारलं, तेव्हा मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, “पागलखाना चौक.” दुसरं नाव तिला ठाऊकच नाही.

आत गेलो नाही. ती रस्त्याच्या पलीकडे, झाडाखाली, काठी टेकून उभी राहिली आणि दाराकडे बघत बसली. माणसं कागद घेऊन येत होती, औषधं घेऊन जात होती. एक म्हातारा आपल्या बायकोला हाताला धरून बाहेर आला. दोघं रिक्षात बसले आणि गेले.

“घेऊन गेला,” आजी म्हणाली.

मग बराच वेळानं माझ्याकडे वळली. “इथं भात गरम देतात का रे? भाऊजींना थंडा भात चालत नव्हता.”